एका रस्त्यावरच्या सातजणी



कष्टकरी स्त्रीविषयी लिहू लागले की साहित्यिकास दोन मोह पडतात. एक तिची कीव करण्याचा, दुसरा तिची आरती ओवाळण्याचा. हे दोन्ही मोह टाळणारी एक कादंबरी आज आपल्यापुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे. पॅट बार्कर या इंग्रज लेखिकेची ही 'युनियन स्ट्रीट' १९८२ साली प्रसिद्ध झाली.

बार्करबाईंचा जन्म १९४३ सालचा, ईशान्य इंग्लंडातील थॉर्नबी या कारखानदारीच्या गावचा. त्यांना आजीने वाढविले. घरचे दुकान तळलेल्या मासळीचे. परंतु लिहू लागल्यावर बाईंनी मध्यमवर्गीय स्त्रियांच्याच कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या कोणी छापल्या नाहीत. जेथून आलात तेथले लिहा, हा सल्ला त्यांस अँजेला कार्टर या लेखिकेकडून मिळाला.

एका रस्त्यावरच्या सात स्त्रिया, प्रत्येकीचे एक प्रकरण. त्यांत केकच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापुढे उभी राहणारी जोआन आहे. त्याच पट्ट्यावर बर्था नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री राबते, आणि सोबतच्या बायकाच तिचा पाणउतारा करतात. मालकाने नाडलेली माणसे आपल्याहून दुबळ्यास नाडतात, हे कटू सत्य लेखिकेने झाकलेले नाही. स्त्रीवादी म्हणविणाऱ्या लेखिकेने हे लिहावे, यातच आम्हांस तिचा प्रामाणिकपणा दिसतो. (१९९० साली यावरून अमेरिकेत चित्रपट निघाला, त्यात एक प्रेमकथा तेवढी राहिली, रस्ता नाहीसा झाला!)

या बायका शिव्या देतात, ओबडधोबड बोलतात, आणि लेखिका त्यांची भाषा धुऊनपुसून देत नाही. येथे आम्हांस आपल्या निपाणीची आठवण होते. तंबाखूच्या वखारींत खकाणा उडत असताना ज्या बायाबापड्या राबत आल्या, त्यांच्या तोंडची मराठीही मराठीच. मायबोलीचा अभिमान आपण सभेत सांगतो; पण ती बोली कथेत आली की आपणच नाक मुरडतो, हे आपण मनाशी कबूल करावयास नको काय?

शेवटचे प्रकरण सत्तरी ओलांडलेल्या ॲलिस बेलचे. आपली प्रेतयात्रा धर्मादाय खर्चाने निघू नये, म्हणून ती पोटाला चिमटा घेऊन पैसा साठविते. वृद्धाश्रमात जावे लागणार असे कळते, तेव्हा तिच्या लेखी तो जुना दरिद्र्यांचा कोंडवाडाच असतो. भर थंडीत ती घर सोडून बागेतल्या बाकावर जाऊन बसते. तेथे तिला अकरा वर्षांची केली ब्राउन भेटते. ही भेट पहिल्या प्रकरणात त्या पोरीच्या डोळ्यांनी आपण पाहिलेली असते. आता तीच म्हातारीच्या बाजूने दिसते. पोर तिचा हात हातात घेते. मग ती निघून जाते, आणि म्हातारी बाकावर बसून राहते.