रिकामा रस्ता, हवेतला घोडा

१८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी खिडकीतून बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वर्दळीचा, घोडागाड्यांची ये-जा चालूच. फोटोत मात्र सगळं सामसूम! चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. तेवढ्यात जो हलला, तो पत्र्याच्या लेखी नव्हताच. कोपऱ्यात एक गृहस्थ तेवढे दिसतात. एक पाय वर ठेवून ते बुटांना पॉलिश करून घेत होते, म्हणून टिकले. फोटोत आलेला हा बहुधा पहिलाच माणूस, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसावा.

चाळीस वर्षांनी उलटंच झालं. डोळा कमी पडला. घोडा चौखूर उधळतो तेव्हा चारही खूर एकदम हवेत असतात का? १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीलगत ओळीने १२ कॅमेरे मांडले आणि आडवे दोरे ताणले. धावत्या घोडीचा धक्का दोऱ्याला लागला की शटर पडे. खूर हवेत असतात हे दिसलं; पण चित्रकार रंगवत तसे पुढे-मागे फाकलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले.

शिल्पकार रोदँ यांना हे रुचलं नाही. काळ असा थांबत नाही, तेव्हा खोटा ठरतो तो फोटोच, असं त्यांचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. एकेका फोटोत ती घोडी गोठलेली दिसते खरी. पण सगळे फोटो ओळीने पाहत गेलं, की ती धावतेच.