उसने कान

आजचें माझें बोलणें अगदीं बहिऱ्या माणसांविषयीं नाहीं. ज्यांना ऐकूं तर येतें, पण नीट उमगत नाहीं, अशा माझ्यासारख्या मधल्या लोकांविषयीं आहे. आणि असें एखादें माणूस आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं असेल.

मी अमरावती-यवतमाळ रस्त्यावरील नेर या गांवीं राहतों. मुलूख कापसाचा. माझा जन्म जिनिंग कारखान्याच्या कचेरींत हिशेब लिहिण्यांत गेला. यंत्रांच्या घरघरीनें म्हणा कीं वयानें म्हणा, कानांची धार हळूहळू बोथट झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणें, २० ते ३५ डेसिबेलइतका आवाज झाल्याखेरीज ज्याला ऐकूं येत नाहीं, त्याचें न्यून सौम्य समजतात. अशा न्यूनांत बहुधा उंच पट्टीचे सूर प्रथम जातात, आणि त्यांबरोबर 'स', 'श' हीं व्यंजनें. दुकानदार 'साठ' म्हणतो, मला 'आठ' ऐकूं येतें, आणि मी दहांची नोट पुढें करतों. तो हंसतो, मीही हंसतों.

हंसण्यावारी नेण्याची ही संवयच मला नडली. 'काय म्हणालां?' असें तिसऱ्यांदां विचारण्याची लाज वाटे, म्हणून घरांत कोणीं कांहीं म्हटलें कीं मी 'हो, हो' म्हणून मोकळा होई.

गेल्या पावसाळ्यांत एका सकाळीं मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होतों. आमचा कुत्रा मोत्या मागील दारानें धांवत आला, भुंकला, परत गेला, पुन्हां आला. मीं त्याला हाकललें. शेवटीं त्यानें धोतराचा सोगा दांतांत धरला, तेव्हां उठलों. न्हाणीच्या दारांत माझी पत्नी घसरून पडली होती. मनगट मोडलें होतें. हाका मारून घसा बसला होता. मी तिला उठवूं लागलों तेव्हां ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही ऐकलंत, पण पेपर सोडवेना."

श्रोतेहो, माझ्या बहिरेपणाचा तिला राग नव्हता. तो तिला ठाऊकच नव्हता. इतकीं वर्षें 'हो, हो' म्हणून मला सर्व ऐकूं येतें असें मींच तिला पटविलें होतें. त्यामुळें जेथें जेथें मला ऐकूं आलें नाहीं, तेथें तेथें तिला माझी बेपर्वाई दिसली.

मोत्याला मात्र मी फसवूं शकलों नाहीं. मनुष्याचा कान फार तर सेकंदास २०,००० कंपनांचा सूर टिपतो, कुत्र्याचा सुमारें ४५,००० पर्यंतचा. पण त्याची थोरवी एवढ्यांतच नाहीं. मी 'हो' म्हटल्यानें त्याचें समाधान होत नाहीं. मी उठलों तरच होतें. इंग्लंडांत १९८२ सालीं स्थापन झालेली एक संस्था बहिऱ्यांसाठीं मुद्दाम कुत्रे शिकवून देते. आमचा मोत्या गांवठी. त्याला हें कोणीं शिकविलें नव्हतें.

नंतर यवतमाळास जाऊन कान तपासले, श्रवणयंत्र घेतलें. 'साठ' आणि 'आठ' यांतील भेद बराच परत आला. परंतु पंगतीच्या गलक्यांत यंत्रालाही मर्यादा पडते. म्हणून घरांत नियम ठरला. बोलणाऱ्यानें आधीं हांक मारावी, उजेडांत समोर यावें, सावकाश बोलावें. ओरडूं नये, ओरडण्यानें स्वर फुगतात, व्यंजनें पुसटच राहतात. माझ्यापुरता नियम एकच: न कळल्यास 'हो' म्हणावयाचें नाहीं. हा नियम मोडला कीं नात लगेच विचारते, "आजोबा, मी काय म्हणाले?" आणि मी पकडला जातों.

आज मी पत्नीच्या, नातीच्या आणि मोत्याच्या कानांनीं ऐकतों. उसने घेतलेले कान परत करतां येत नाहींत. पण ते उसने आहेत, एवढें कबूल करणें आपल्या हातीं असतें. आपल्या घरीं कोणी वारंवार 'हो, हो' म्हणत असेल, तर त्याला बेपर्वा म्हणण्यापूर्वीं एकदां समोर बसून प्रेमानें विचारा, 'मी काय म्हणालों?' उत्तर चुकलें, तर रागावूं नका. कान तपासून घ्या.