पुरावा शोधा, पारखा, मगच माना

(लोणंद येथील धम्मबांधवांपुढे केलेले भाषण)



धम्मदीक्षा घेणे म्हणजे केवळ जुन्या देवांचा त्याग करणे नव्हे. ऐकीव गोष्टीवर विसंबण्याची सवयही आपण टाकली पाहिजे. परंपरेने चालत आले, ग्रंथात लिहिले आहे, गुरूने सांगितले, एवढ्यावरून काहीही मानू नका, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. ‘शास्त्रात असे आहे’ एवढ्या शब्दांवर ज्या समाजाला पाण्यापासून दूर ठेवले गेले, त्याला या उपदेशाचे मोल सांगावयास नको.

महाडचा सत्याग्रह 20 मार्च 1927 रोजी झाला, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. परंतु त्यानंतर चाललेला खटला किती जणांस ठाऊक आहे? तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, असे प्रतिपक्षाचे म्हणणे होते. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे ठरले आणि वहिवाट अनादि असल्याचे शाबीत झाले नाही. सत्याग्रहाने हक्क बजावला. पुराव्याच्या छाननीने तो कायम झाला.

असे निकाल, अहवाल आणि जुनी वृत्तपत्रे विद्यापीठांच्या ग्रंथालयांत शोधावी लागतात. आपल्या लोणंदहून एका दिशेची गाडी पुण्याला जाते, दुसऱ्या दिशेची सातारा-मिरजेकडे. पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय आहे. कोल्हापूरला 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे खर्डेकर ग्रंथालय आहे. बाहेरच्या वाचकासाठीचे नियम आधी विचारून घ्यावेत, ओळखपत्र बरोबर न्यावे आणि ग्रंथपालांना संकोच न करता प्रश्न विचारावा. मदत करणे हे त्यांचे कामच आहे.

ग्रंथसूचीत लेखक, नाव आणि विषय या तिन्ही वाटांनी शोध घ्यावा. मात्र एकाच शब्दावर थांबू नये. आपल्याला जगाने निरनिराळ्या काळी निरनिराळी नावे दिली. म्हणून ‘बौद्ध’ या शब्दाखाली जे सापडत नाही ते ‘अस्पृश्य’, ‘डिप्रेस्ड क्लासेस’, ‘अनुसूचित जाती’ किंवा ‘नवबौद्ध’ या शब्दांखाली सापडते. एका चांगल्या पुस्तकाच्या शेवटची संदर्भसूची आणखी दहा पुस्तकांची वाट दाखविते. ‘शोधगंगा’वरील प्रबंध तर घरबसल्या विनामूल्य वाचता येतात.

सापडलेला प्रत्येक कागद मात्र खरा मानू नये. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, त्याला ते कसे कळले, आणि लिहिण्यात त्याचा हेतू काय, हे चार प्रश्न विचारावेत. ‘बहिष्कृत भारत’ 3 एप्रिल 1927 रोजी, महाडनंतर दोनच आठवड्यांत निघाले. त्यातील वृत्तांत आणि चाळीस वर्षांनंतरची आठवण यांचे वजन सारखे नसते. आवृत्तीही पाहावी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी लिहिलेली प्रस्तावना 1957 च्या पहिल्या आवृत्तीत नव्हती.

हीच कसोटी आपल्या माणसांनाही लावावी. बाबासाहेबांच्या नावावर आज मोबाईलवर कितीतरी वाक्ये फिरतात. महाराष्ट्र शासन 1979 पासून त्यांचे लेखन व भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध करीत आले आहे. तेव्हा वाक्य पुढे पाठविण्यापूर्वी खंड आणि पृष्ठ विचारा. स्वतः बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या 1948 च्या ग्रंथात, जेथे प्रत्यक्ष पुरावा नाही तेथे आपण अनुमानाचा आधार घेतला आहे, हे उघड सांगितले. त्यांचे अनुयायी म्हणविणाऱ्यांनी याहून कमी प्रामाणिक असून कसे चालेल?

आणि ग्रंथालयात जे नाही ते आपल्या घरात आहे. वतनाची कामे, मेलेली ढोरे ओढणे, दीक्षेनंतर गावाने केलेला छळ हे ज्या आजीने पाहिले, तिचे कथन तारखेसह लिहून ठेवा आणि मग कागदपत्रांशी ताडून पाहा. आजवर आपल्याविषयी इतरांनी लिहिले. पुढच्या पिढीने ग्रंथालयात जाऊन आपला इतिहास शोधावा, तेव्हा तेथे आपण लिहिलेले, पारखलेले काहीतरी तिच्या हाती पडले पाहिजे.