कारवानीचें फिरणें

कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवलेल्या नामदेवांची कथा श्रोत्यांस ठाऊकच आहे. त्यांचें पंढरपूर सोलापूर जिल्ह्यांतलें. सोलापुरांतील श्वानप्रेमी तूप-पोळी आजही हौसेनें चारतो. धांवणें मात्र राहून जातें.

या मुलखांतील कारवानी कुत्र्याला तें फार जाचतें. लांब पाय, खोल छाती, आंत गेलेलें पोट; ही काया माळावर सशामागें धांवण्यासाठीं घडलेली. त्याच्याच मुधोळकडील भाईबंदाचें चित्र २००५ सालीं टपालाच्या तिकिटावर झळकलें. पण साखळीला बांधलेला कारवानी आधीं भुंकतो, मग दारें कुरतडतो, आणि शेवटीं गप्प होतो. या गप्प होण्यासच घरचीं माणसें शहाणपण समजतात!

फिरवण्याची वेळही पाहावी लागते. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो. कुत्र्याच्या सर्वांगास माणसासारखा घाम येत नाहीं. बव्हंशीं धापा टाकूनच तो शरीर निववतो. वहाण घातलेल्या धन्यास डांबराचा चटका कळत नाहीं, म्हणून त्यानें पालथा हात रस्त्यावर टेकवून पाहावा. सोसवत नसेल तर माघारें फिरावें. उजाडण्यापूर्वीं निघणें सर्वांत उत्तम. परतल्यावर गार पाणी द्यावें, आणि पंज्याच्या बेचक्यांत सराटा रुतला आहे काय, हें बोटांनीं चांचपावें.