पीलच्या आधी सावलीचा हिशोब

आम्ही शहागंजमधल्या बचत गटाच्या बायका.

लग्नसराई जवळ आली की आमच्या बैठकीत हप्ते आणि पासबुकाबरोबर आणखी एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे चेहरा. मागच्या लग्नसराईत एका ताईंनी लेकीच्या केमिकल पीलसाठी गटाकडे कर्ज मागितलं. लग्न बारा दिवसांवर आलेलं. पैसे द्यायला कुणाची ना नव्हती. पण पील म्हणजे नेमकं काय, ते त्या ताईंनाही नीट सांगता येईना. म्हणून आम्ही आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

पीलमध्ये चेहऱ्यावर ठरावीक ताकदीचं आम्ल लावतात. त्यानं कातडीचा वरचा थर सुटतो आणि खालून नवी कातडी येते. मुरुमांचे डाग, वांग, काळसर ठिपके यांना त्याचा उपयोग होतो. खोल खड्डे मात्र हलक्या पीलनं भरत नाहीत. आणि जन्माचा रंग कोणत्याच पीलनं बदलत नाही. सावळी मुलगी गोरी होईल, असं कुणी सांगितलं तर तिथून उठायचं.

आम्लं वेगवेगळी असतात. ग्लायकोलिक आम्ल उसात असतं, लॅक्टिक आम्ल दह्यात. म्हणून ती घरगुती समजू नका. बाटलीतल्या आम्लाची ताकद कितीतरी जास्त असते. मुरुमांसाठी बऱ्याचदा सॅलिसिलिक वापरतात. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर ते चालत नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला भाजलं की काळा डाग पटकन पडतो आणि महिनोन् महिने राहतो. म्हणून आपल्यासाठी डॉक्टर बहुधा हलकं, वरवरचं पील निवडतात.

तयारी दोन ते चार आठवडे आधी सुरू होते. डॉक्टर सनस्क्रीन आणि रात्री लावायचं क्रीम देतात. पीलच्या आधीचा आठवडाभर ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग, स्क्रब बंद. दिवस गेलेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, मुरुमांच्या गोळ्या चालू असतील, ओठांवर पुन्हा पुन्हा फोड येत असतील किंवा जखमेचा वण फुगत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. यात लाजायचं काही नाही.

प्रत्यक्ष पील थोड्या मिनिटांचं काम. चेहरा स्वच्छ करतात, डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडांना व्हॅसलिन लावतात, मग ब्रशनं किंवा कापसानं आम्ल लावतात. चुरचुरतं, झोंबतं; पंख्याचा वारा घेतला की बरं वाटतं. ग्लायकोलिक असेल तर डॉक्टर घड्याळ बघून त्याचा जोर मोडणारं द्रावण किंवा पाणी लावतात. सहन होत नसेल तर तोंड मिटून बसू नका, लगेच बोला.

त्यानंतरचे तीन ते सात दिवस चेहरा लाल, ताणलेला, कोरडा राहतो आणि पापुद्रे सुटतात. ते नखानं ओढायचे नाहीत. ओढला की डाग पडलाच. साध्या पाण्यानं चेहरा धुवा, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा. लिंबू, हळद, बेसन, मुलतानी माती काही नको. फोड आले, पू झाला, आग वाढत गेली किंवा कातडी काळी पडू लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

आता खरा हिशोब. नवी कातडी उन्हात नाजूक असते. आपल्या छत्रपती संभाजीनगरचं एप्रिल-मेचं ऊन कुणाला सांगायला नको. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन रोज हवं आणि उन्हात असताना दर दोन तासांनी परत लावायला हवं. स्कूटीवर बांधायचा स्कार्फही मऊ सुतीच घ्या. ज्या ताई शहागंजच्या बाजारात दिवसभर हातगाडीवर उभ्या असतात, त्यांनी आधी स्वतःला विचारावं: एवढे दिवस मला सावली मिळणार आहे का? नसेल तर डाग घालवायला जाऊन नवे डाग घरी आणाल.

शिवाय एका पीलनं भागत नाही. दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं साधारण चार ते सहा वेळा जावं लागतं, आणि उन्हानं वांग परतही येतो. म्हणून खर्च एका वेळेचा विचारू नका, सगळ्या वेळांचा आणि सनस्क्रीनचा धरून विचारा.

त्या लेकीला डॉक्टरांनी बारा दिवसांत पील करायला साफ नकार दिला. मांडवात पापुद्रे सुटलेला चेहरा घेऊन बसायचं का, असं विचारलं. तिनं सनस्क्रीन लावलं आणि होता त्याच चेहऱ्यानं बोहल्यावर चढली. कर्ज लागलंच नाही.

पील करणाराला चार प्रश्न विचारा. तुम्ही त्वचारोगाचे डॉक्टर आहात का, नोंदणी क्रमांक काय? कोणतं आम्ल, किती टक्के? एकूण खर्च किती? बिघडलं तर रात्री कुणाला फोन करायचा? उत्तरं टाळली तर पैसे पर्समध्येच ठेवा. ऑनलाइन मिळणारी बाटली घरी लावून बघायची नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानंही जुलै २०२४ मध्ये लोकांना हाच इशारा दिला. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर आपल्या घाटीत त्वचारोग विभाग आहे. केस पेपर काढा आणि आधी फक्त सल्ला घ्या.

कर्ज मागणं हा तुमचा हक्क आहे आणि चेहरा तुमचा आहे, निर्णयही तुमचाच. फक्त सही करण्याआधी पैशांबरोबर सावलीचाही हिशोब मांडा.