कुठं राहायचं?

मराठवाड्याला समुद्र नाही. त्यामुळे बंदर आणि बेट हे शब्द आपण शाळेच्या भूगोलात शिकलो आणि तिथंच ठेवले. पण श्रोतेहो, नीट पाहिलं तर आपल्याकडे दोन्ही आहेत.

लातूरची गंजगोलाई डोळ्यांसमोर आणा. मधोमध गोल इमारत, आत जगदंबेचं मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते. एका रस्त्याला सोनं, एकाला कापड, एकाला भांडी. ही गोलाई १९१७ची. त्याआधी, १९११ मध्ये, बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला पोचली होती. तूर, गूळ बाहेर जायचा, बाहेरचा माल आत यायचा. बंदर म्हणजे तरी वेगळं काय असतं? नांदेडचंही तसंच. गोदावरीचा काठ, निजामाच्या काळातली रेल्वे आणि सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे देशभरातून येणारा यात्रेकरू. रात्री दोनला स्टेशनवर उतरलात तरी चहा मिळतो.

आणि बेट? या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर माझं गाव आहे. रस्ता आणि गाव यांच्या मध्ये एक नाला आहे. उन्हाळ्यात तो ओलांडताना चप्पलसुद्धा भिजत नाही. पावसाळ्यात मात्र तोच नाला दिवस दिवस वाट अडवतो. एस.टी. अलीकडे थांबते, दूधवाला अलीकडे थांबतो, गुरुजीही अलीकडेच थांबतात. चारी बाजूंना पाणीच हवं असं नाही. एका बाजूला पाणी आणि तीन बाजूंना चिखल असला तरी गावाचं बेट होतं.

माझी नोकरी संपायला आता थोडी वर्षं उरली आहेत. त्यामुळे आमच्या घरी सध्या एकच विषय आहे: पुढं कुठं राहायचं? लातूरला दोन खोल्या घ्यायच्या, की गावी अब्बांनी बांधलेलं घर नीट करून तिथं जायचं? माझ्या वयाच्या पुष्कळ श्रोत्यांच्या घरात हाच प्रश्न असेल, म्हणून आज त्यावर बोलतो.

कवी म्हटलं की लोक गृहीत धरतात, हा गावाच्याच बाजूचा असणार. गावाकडे ओढा मला आहेच. घरात आम्ही दखनी बोलतो, पण माझी मराठी गावानं दिली. ती शेतातली, बाजारातली, पंगतीतली मराठी आहे. मोहरमला डोल्यांपुढं नाचणारी पोरं आणि पोळ्याला बैल सजवणारी पोरं तीच असायची. अब्बा-अम्मी तिथल्या कब्रस्तानात आहेत. शहरात मला लोक नावानं ओळखतात. गावात माझ्या चालण्यावरून ओळखतात, आणि चाल कोणासारखी आहे तेही सांगतात.

हे सगळं मी एकदा घरात बोलून दाखवलं. बायकोनं निवडायला घेतलेलं तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “तुमकू गाँव याद आता, मेरेकू गाँव का पानी याद आता.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. लग्नानंतरची कितीतरी वर्षं तिनं त्या गावात डोक्यावरून पाणी आणलं. उन्हाळ्यात झऱ्याशी बसून वाटीवाटीनं घागर भरली. मी तेव्हा नोकरीच्या गावी होतो, शनिवारी यायचो, रविवारी संध्याकाळी परतायचो. एकच गाव आम्हा दोघांना वेगवेगळं आठवतं. गावाची कविता बहुतेक वेळा शहरात बसून लिहिली जाते आणि ती लिहिणाऱ्यानं घागर उचललेली नसते. बाळंतीण बाजेवर घालून नाल्यापलीकडे नेणाऱ्या माणसांना कुणी विचारत नाही, की गाव तुम्हाला कसं वाटतं.

मग शहर बरं, असं म्हणावं तर २०१६ सालचा उन्हाळा आठवतो. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, ५ लाख लिटर पाणी घेऊन, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. एवढं मोठं बाजाराचं शहर, शिकवण्यांसाठी राज्यभरातून मुलं येतात ते शहर, रुळांकडे डोळे लावून बसलं होतं. शहराची सोय ही शहराच्या मालकीची नसते, हे त्या वर्षी कळलं. नळाला येणारं पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी शिवारातलं असतं.

पण त्यातही फरक आहे. लातूरला तहान लागली तर रेल्वे आली. आमच्यासारख्या गावाला तहान लागली तर टँकर यायलाही रस्ता लागतो.

आणि पाणी फार झालं तर काय होतं, ते २०२५च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यानं पाहिलं. एका रात्रीच्या पावसानं रावणगाव, हसनाळ ही गावं वेढली गेली. ती लेंडी धरणाच्या परिसरातली गावं. माणसं अडकली, काही दगावली, जनावरं गेली. लष्कराला बोलवावं लागलं. त्या रात्री बेट हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातला राहिला नाही.

जगात खऱ्या बेटांवरच्या लोकांनी या प्रश्नाचं काय केलं? स्कॉटलंडच्या पश्चिमेला दूर समुद्रात सेंट किल्डा नावाचं बेट आहे. तिथली वस्ती कमी होत होत ३६ माणसांवर आली. हिवाळ्यात कुणी आजारी पडलं तर मदत पोचत नसे. शेवटी त्यांनीच सरकारला अर्ज केला, की आम्हाला इथून न्या. २९ ऑगस्ट १९३० रोजी ते सगळे बोटीत बसले. निघताना घराघरात बायबल उघडं ठेवलं आणि शेजारी थोडं धान्य ठेवलं.

आपल्या घारापुरीची गोष्ट उलटी आहे. लेण्यांमुळे हे बेट जगाला ठाऊक. मुंबईच्या गेटवेपासून लाँचनं तासाभराची वाट. गंमत म्हणजे त्या बेटावरच्या तिन्ही वस्त्यांच्या नावात बंदर आहे: शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर. रात्री समोर मुंबई झगमगायची आणि इथं जनरेटर काही तास चालून बंद व्हायचा. लोक तरीही राहिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज त्यांच्या दारात आली. स्वातंत्र्यानंतर ७० वर्षांनी का होईना, सोय माणसांकडे आली, माणसांना सोयीकडे जावं लागलं नाही.

तिसरी तऱ्हा आपल्याच जिल्ह्यांतली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे १०,००० माणसं गेली. दगडमातीची घरं अंगावर कोसळली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं मजबूत झाली, रस्ते रुंद झाले, ते व्हायलाच हवं होतं. पण रुंद रस्त्यापलीकडच्या शेजारणीशी ओट्यावरून बोलता येत नाही. कुणाचं शेत दूर पडलं, कुणाची भावकी विखुरली. घर कुठं असावं हे ठरवताना ओट्यावर कोण बसणार, हेही विचारावं लागतं.

म्हणून मला वाटतं, ‘शहर चांगलं की गाव चांगलं’ हा वादसभेचा विषय झाला. घरात ठरवायचं असेल तर प्रश्न वेगळा विचारावा: त्या जागेची गैरसोय कोणाच्या वाट्याला येणार आहे? ज्याच्या वाट्याला येणार, त्याचं मत पहिलं. पाणी आणणारीला विचारा, आजाऱ्याला विचारा, दहावीनंतर शिकू पाहणाऱ्या मुलीला विचारा. बाजेवर बसून चांदणं पाहणाऱ्याला शेवटी विचारलं तरी चालेल.

आमच्या घरात या नियमानं निकाल लागला आहे. आम्ही लातूरला राहणार. नळ असलेलं, दवाखाना जवळ असलेलं घर आम्ही पाहतो आहोत. गावचं घर विकायचं नाही, पत्रे बदलून घ्यायचे आणि सुगीच्या दिवसांत, मोहरमला, उरुसाला जाऊन राहायचं. बायकोनं एक अट घातली आहे, की तिथं असेपर्यंत पाणी मी आणायचं. मी कबूल केलं आहे.

एक गोष्ट मात्र मी मागून घेतली. म्हटलं, शेवटी मला अब्बा-अम्मींजवळच दफन करा. ती म्हणाली, “हौ. पन बरसात में मरे तो? जनाजा नाल्याच्या अलीकडे ठेवायचा का?” आमच्याकडे गंभीर बोलणं असं दखनीत सुरू होऊन मराठीत संपतं.

ती हसली, मीही हसलो. पण गावात गेल्या पावसाळ्यात असं झालेलं आहे. म्हातारं माणूस शहरातल्या दवाखान्यात गेलं आणि पोरांना पाणी उतरण्याची वाट पाहत नाल्याकाठी थांबावं लागलं. तेव्हा पलीकडची माणसं पलीकडे उभी होती. त्यांत सगळ्या जातिधर्मांची माणसं होती, कुणी घरी गेलं नाही.

म्हणून गावकऱ्यांनी पुलासाठी जो अर्ज केला आहे, त्यावर मी सही केली आहे. तिथं राहणार नसताना सही कशाला, असं एकानं विचारलं. त्याला सांगितलं, मी शहर निवडू शकलो कारण माझ्याकडे पगार होता. ज्यांना निवड करता येत नाही, त्यांच्या गावाला निदान रस्ता तरी हवा.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)