बंदूक अडली तर आधी थांबा

(जिल्हा मेळाव्यात पीकसंरक्षण परवानाधारकांच्या बैठकीत झालेले भाषण)



सकाळपासून आपण भावावर बोललो. पण भाव मिळायला आधी पीक घरी यावे लागते. ज्वारी दाण्यात आली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत वावर आडवे करतो. रोही कपाशीचे शेंडे खाऊन जातात. म्हणून आपण थंडीत जागलीला जातो. त्यातल्या ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

आपल्या बंदुका बहुधा बापाच्या वेळच्या. वर्षातले दहा महिने कपाटात. ऐन वेळी चाप ओढावा तर बार उडत नाही. उडाला तर टरफल निघत नाही. मग अंधारात आपण लगेच बंदूक उघडतो, नळीत डोकावतो, गजाने ठोकतो. जीव जायचा तो इथेच.

बार उडाला नाही म्हणजे काडतूस मेले, असे समजू नका. दारू कधी कधी उशिरा पेटते. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला तशीच धरून ठेवा आणि मनात साठ मोजा. मगच बंदूक उघडा. ठासणीच्या बंदुकीत याहून जास्त थांबा. न उडालेले काडतूस खिशात घालू नका, चुलीत तर मुळीच टाकू नका. वेगळे ठेवून परवान्याच्या दुकानदाराला विचारा.

आता कारण शोधू. कपाशी लाल पडली की काही जण शेजाऱ्याने मारले तेच औषध मारतात. पानाची खूण, जमिनीची ओल, थंडी पाहणारा मात्र नेमके कारण गाठतो. बंदुकीचेही तसेच आहे. तिची कामे चार : काडतूस आत बसणे, बंदूक नीट बंद होणे, बार उडणे आणि टरफल निघणे. यातले कोणते काम अडले ते आधी ठरवा.

काडतूस आत जात नसेल तर जोर लावू नका. पावसाळ्यात कागदी काडतूस ओल धरून फुगते. नळीच्या मागच्या भागात गंज किंवा जुनी काजळी असली तरी काडतूस अडते.

बार उडाला नसेल तर साठ मोजून झाल्यावर काडतुसाच्या बुडाची टोपी पाहा. खड्डा खोल आणि मधोमध असेल तर दोष बहुधा काडतुसाचा. खड्डा उथळ असेल तर पिन झिजली आहे, स्प्रिंग ढिली आहे किंवा तेल घट्ट होऊन चिकटले आहे. दुनळी असेल तर कोणत्या नळीत आणि कोणत्या पेटीतल्या काडतुसाला असे झाले ते वहीत लिहा. एकाच नळीत वेगवेगळी काडतुसे अडली तर दोष बंदुकीचा. दोन्ही नळ्यांत एकाच पेटीतली अडली तर दोष पेटीचा.

टरफल निघत नसेल तर बहुधा गंज, काजळी किंवा झिजलेला खेचा. नळीवर ६५ मिलिमीटर कोरले असेल तर ७० चे काडतूस घालू नका. ते आत बसते खरे, पण उडाल्यावर त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

दोन गोष्टी गाठ मारून ठेवा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर दुसरा बार टाकू नका. काही तरी नळीत अडकले असेल. बंदूक रिकामी करा आणि मागच्या बाजूने नळी आरपार दिसते का पाहा. दुसरे, बारा बोअरच्या पट्ट्यात वीस बोअरचे काडतूस ठेवू नका. ते बारा बोअरच्या नळीत पुढे घसरून अडकते. नळी रिकामी समजून मागून दुसरे भरले की नळी फुटते.

सफाई तुमची, दुरुस्ती तुमची नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ५ दुरुस्तीलाही परवाना मागते. गावच्या लोहाराकडे नेऊ नका. त्यालाही गोत्यात आणाल. त्याच कायद्याचे कलम १३ पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मान्य करते आणि ती पुरी पडत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मुभा परवाना अधिकाऱ्याला देते. अर्ज करताना हे कलम लिहा. आणि परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. जनावरावर बार टाकायचा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे लेखी आदेश हातात हवा.

जनावरे सरकारची, नुकसान आमचे आणि पहाराही आमचाच! म्हणून या बैठकीने मागणी करावी : दरवर्षी हंगामाआधी प्रत्येक तालुक्याला एक दिवस परवानाधारक कारागीर बसवा आणि बंदुका तपासून द्या.

ते होईपर्यंत आपली काळजी आपणच घेऊ. वावरातले चार पोते गेले तर त्यासाठी भांडता येते. जागलीला गेलेला माणूस मात्र सकाळी घरी आला पाहिजे.